फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

सातपूरचा पुंजा आपल्या साहेबांचा पट्टेवाला म्हणून १९३२ साली थेट जिनिव्हाला गेला. जगातली हत्यारं कमी करायची परिषद तिथं भरली होती आणि साहेब हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. निघताना त्याची आजारी आई, लंकाबाई, अंथरुणातून म्हणाली होती, "तू येस्तवर मी जात नाय. जा बिनघोर."

पण कुठंही जा, पळसाला पानं तीनच. साहेब लोकांचं चर्चेचं गुऱ्हाळ चाले आणि पुंजा दिवसभर कागद वाही. कारकून वाचलेल्या कागदाचा कोपरा फाडून टेबलावर टाकी. टपालाची थैलीही पुंजा त्याच टेबलावर ओती. कोपरा फाटका असेल तर कागद त्या दिवसाच्या गठ्ठ्यात बांधायचा, अख्खा असेल तर साहेबांपुढे न्यायचा. पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर काटाच आला. आपल्याकडे कोपरा फाडतात तो मौतीच्या कार्डाचा. असलं कार्ड कुणी घरात ठेवत नाही. पण माणूस कशालाही सरावतो. महिन्याभरात पुंजा न बघता गठ्ठे बांधू लागला.

आईचं बरं आहे, एवढंच त्याला ऐकायचं होतं. टपाल आलं की अख्ख्या कागदांत तो डोळ्यांत तेल घालून घरचं कार्ड शोधी. फाटक्यांत बघावं हे त्या शहाण्याला सुचलं नाही. की मनानंच सुचू दिलं नाही, देव जाणे.

जुलैत परिषद तहकूब झाली. गठ्ठे पेट्यांत भरताना एकाची दोरी तुटली आणि कागद पसरले. त्यांत एक कार्ड होतं, फाटक्या कोपऱ्याचं. अक्षर गावच्या मास्तरांचं, सांगणं पुंजाच्या बायकोचं, नवसाबाईचं. "आई गेल्या. शेवटपर्यंत दाराकडं तोंड करून होत्या."

गठ्ठ्यावर तारीख होती बारा मे. त्या दिवशी शिष्टमंडळाची मेजवानी होती. उरलेलं गोड पुंजानं दोनदा मागून खाल्लं होतं. ते आठवून त्याला स्वतःची किळस आली.

"काय रे, बांधून झालं का?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. यातलं एक कार्ड माझं हाय. तेवढं काढून घेऊ का?"

साहेबांनी मान डोलावली. पुंजा न्हाणीघरात गेला आणि पट्ट्यासकट थंड पाण्याखाली बसला. बातमी कळली की अंघोळ करायची असते. त्याची सव्वादोन महिने राहून गेली होती.

असलं कार्ड ठेवायचं नसतं. त्यानं ते मरेपर्यंत आपल्या पेटीत ठेवलं.