ग्लासाखालचा चेहरा

दान करणाऱ्यांचा मला राग येत नाही. दान दुसऱ्याच्या खिशातून करायचं आणि टाळ्या मात्र स्वतः घ्यायच्या, अशांचा येतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार. ही म्हण मी लहानपणापासून भुसावळला ऐकत आले, पण तिचा खरा चटका बसला तो जयपुरात, साठी उलटल्यावर, तेही बिअरच्या दुकानात.

दुकान म्हणजे किराण्यासारखं दुकान नव्हे. मागे काचेआड मोठाल्या टाक्यांत बिअर बनते, पुढे नळातून ग्लासात पडते आणि लोक तिथेच बसून पितात. टॅपरूम म्हणतात त्याला. त्यांनी एक टूम काढली होती. दर महिन्याला शहरातली एक संस्था निवडायची आणि गिऱ्हाइकांनी बिलाबरोबर तिच्यासाठी काहीतरी द्यायचं. त्यात एकदा आमच्या पाळणाघराचा नंबर लागला.

पाळणाघर मुरलीपुऱ्यात. विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात पॅकिंगला, शिलाईला जाणाऱ्या बायकांची पोरं आम्ही सांभाळतो. आम्ही मतलब रेल्वे आणि बँकेच्या बदल्यांनी इथे येऊन पडलेल्या पाच-सहा मराठी बायका. दारूवाल्यांची मदत घ्यावी की नाही, यावर बरीच चर्चा झाली. मी घ्या म्हणाले. मे महिन्यात पत्र्याखाली पोरं भाजून निघतात, तिथे सोवळं कसलं पाळता?

आमच्याकडे एकच नियम कडक होता आणि तो पोरांच्या आयांनीच घातलेला. पुरुषाने उंबऱ्याच्या आत यायचं नाही. सासरा असो, दूधवाले भैया असोत, बाहेरूनच हाक मारायची. कारण आत आलं की या बायका घूंघट वर करायच्या. रस्त्यात, गल्लीत, घरी जेठासमोर, म्हणजे मोठ्या दिरासमोर, तोंड झाकलेलं. आमच्याकडे मात्र मोकळ्या तोंडाने पोरांना पाजायच्या आणि आपापल्या सासवांच्या नकला करायच्या. त्यातली एक तर भारीच हसरी. नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर, त्यामुळे घरात शब्द जेठाचा. पाळणाघरात सगळ्या बायकाच असतात हे कळल्यावरच त्याने तिला कामावर जाऊ दिलं होतं.

संक्रांतीला आम्ही तिथे हळदीकुंकू केलं. कुंकू लावताना ती खळखळून हसली आणि आमच्या सेक्रेटरीबाईंनी मोबाइलवर तिचा फोटो काढला. पुढे टॅपरूमवाल्यांनी फोटो मागितला, तर बाईंनी हाच पाठवून दिला. तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या बायका डोक्यावर पदर घेतात तेव्हाही तोंड उघडंच असतं, त्यामुळे कुणी आपल्याला विश्वासाने तोंड दाखवतंय, हे आपल्याला दिसतच नाही. उलट बाई कौतुकाने म्हणत होत्या, बघा, आपण त्यांना घूंघटातून बाहेर काढलं.

आमच्या नावाच्या महिन्यात आम्हाला टॅपरूममध्ये बघायला बोलावलं होतं. बाई आणि मी गेलो. टेबलाटेबलावर लोक, गाणी चाललेली. ग्लासाखाली ठेवतात ना ती पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्यावर काहीतरी छापलंय असं वाटलं म्हणून मी शेजारचा रिकामा ग्लास उचलला. खाली ती होती. तिचं हसू, तिचं कपाळ, त्यावर आम्हीच लावलेलं कुंकू. ग्लासाच्या बुडाचं ओलं वर्तुळ बरोबर तिच्या नाकावरून गेलेलं. आणि खाली इंग्रजीत मजकूर होता, हिच्या मुलीसाठी आणखी एक ग्लास होऊन जाऊ द्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, बाई आहे ती, काय चकती आहे? मी सरळ टेबलाटेबलावर गेले, लोकांचे ग्लास बाजूला केले आणि मिळतील तेवढ्या चकत्या पिशवीत कोंबल्या. एक पोरगी म्हणाली, आंटी, आम्ही तर मदतच करतोय. मॅनेजर मुलगा फार अदबीने बोलला. चेहरा असला की लोकांना आपलेपणा वाटतो, असं त्याने मला समजावलं. तुझ्या आईचा छाप की मग, आणखी आपलेपणा वाटेल, असं मी त्याला सुनावलं. सेक्रेटरीबाई मात्र माझा हात ओढत होत्या. शोभा करू नका म्हणाल्या. शोभा मी करत होते!

उपयोग काहीच झाला नाही. तिच्या गल्लीतला एक माणूस तिथेच वेटर होता. त्याने चकती आधीच जेठाच्या हातात नेऊन ठेवली होती.

ती यायची थांबली. मुलगीही. शेजारणीबरोबर तिने निरोप धाडला, की फोटो ज्यांनी काढला त्या आंटीजींनी स्वतः घरी यावं आणि जेठजींना सांगावं, खोलीत फक्त बायका होत्या, हिला न विचारता छापलं, चूक आमची. एवढं झालं तर कदाचित काम सुटणार नाही. मागून मागून एवढंच मागितलं बिचारीने.

मी मीटिंगमध्ये विषय काढला. सेक्रेटरीबाई उसळल्याच. चांगलं काम केलं आणि वर त्या मागासलेल्या माणसापुढे हात जोडू? मी म्हटलं, बरं, नका जोडू. पुढच्या खेपेला ते चकत्या छापतील तेव्हा तुमचा फोटो देऊ या.

"माझा? बिअरच्या ग्लासाखाली?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरी काय म्हणतील?"

मला वाटलं, आता तरी कळेल. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, पुढचा विषय घेऊ, आलेल्या पैशातून कूलर कुठला घ्यायचा. आणि सगळ्या जणी कूलरवर बोलायला लागल्या. मनाची नाही तर जनाची तरी! मी उठून बाहेर पडले.

तिच्या घरी मी एकटीच गेले. जेठ राक्षस-बिक्षस नव्हता. त्याने मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, फोटो तुम्ही काढलात का? मी नाही म्हणाले. मग ज्यांनी काढला त्यांना यायची लाज वाटते, आणि आम्ही मात्र गल्लीत राहायचं, एवढं बोलून तो आपल्या दुकानाकडे निघून गेला. तिला गावी सासूकडे पाठवायचं ठरलं होतं.

ती चहा घेऊन आली. घूंघट छातीपर्यंत. दार लोटलेलं, घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं, अगं, आता तरी वर कर, इथे कुणी पुरुष नाही.

तिने कप माझ्यापुढे ठेवला. पदर तसाच.

"क्या पता, आंटीजी," ती म्हणाली.