शेळीच्या गळ्यातलं घड्याळ

जुनी जपानी ऑटोमॅटिक घड्याळं जमवायचं वेड मला नेमकं कधी लागलं ते आठवत नाही. नवरा म्हणतो, घरात इतकी घड्याळं असून ही बाई शाळेत उशिराच पोचते. म्हणू दे. मनगट हललं की आपली स्प्रिंग आपणच भरून घेणारं यंत्र ज्यानं आतून पाहिलं नाही, त्याच्याशी कशाला वाद घालायचा!

औंढ्याला जाणाऱ्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईनं माझं मनगट पाहून विचारलं, "मॅडम, हे सेलबिगर चालतंय का? आमच्या आबाचं बी असंच हाय." आबा म्हणजे तिचे सासरे. पुढच्याच रविवारी मी शिरड शहापूरजवळच्या त्यांच्या घरी जाऊन धडकले.

आबा बाजेवर पडून होते. लकव्यानं डावं अंग गेलेलं. मनगटावर पट्ट्याचा फिकट वण होता, घड्याळ नव्हतं. कुठंय म्हणून विचारलं तर सून म्हणाली, "रानात गेलंय. शेळीच्या गळ्यात."

मला वाटलं, ही माझी फिरकी घेतेय. पण ते खरंच होतं. हात लुळा पडला तसं घड्याळ बंद पडलं, आणि आबांनी अन्न सोडलं. जन्मभर शेळ्यामेंढ्यांमागं फिरलेला माणूस. हे घड्याळ पायी हिंडणाऱ्याचंच, पाय थांबले की तेही संपलं आणि आपणही, अशी त्यांची पक्की समजूत. बाहेरची चावी पिळून या जातीच्या घड्याळात जीव येत नाही. शेवटी सुनेनं ते फडक्यात गुंडाळून म्होरक्या शेळीच्या गळ्यात बांधलं. शेळी दिवसभर चरायची, संध्याकाळी चालू घड्याळ आबांच्या मनगटावर यायचं, मग ते भाकरीला हात लावायचे.

"पर पावसाची झड लागली अन् शेळ्या दोन दिवस खुट्यालाच ऱ्हायल्या, तर?" सून हळूच म्हणाली. "दवाखान्यात हाताचा व्यायाम सांगितलाय, तो बी करत न्हाईत. मेलेला हात काहून हलवू, म्हणतेत."

कळप आला. फडक्यातून घड्याळ निघालं, घामट आणि कोमट. काचेआड वार इंग्रजीत नाही, देवनागरीत. मी ते विकत मागायला गेले होते खरी, पण तोंडच उघडेना. आबांना विचारून मी पिशवीतला रबरी चेंडू मागच्या झाकणावर दाबून ते फिरवून काढलं आणि उघडं घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

आत अर्धचंद्राची जड चकती डुलत होती. तिच्याखाली दोन नख्यांची बारीकशी पट्टी. चकती एकीकडं फिरली की एक नखी दातेरी चाकाला ओढते, उलटी फिरली की दुसरी ढकलते, पण चाक मात्र एकाच दिशेनं पुढं जातं. कितीदा पाहिलं तरी माझं समाधान होत नाही.

"पायाचा संबंधच नाही, आबा. मनगट नुसतं कलंडलं तरी भरतं. इकडं कलंडू द्या नाहीतर तिकडं."

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून."

ते बघतच राहिले. डोळे लहान लेकरासारखे झाले होते. "येवढ्याशा जाग्यात," ते म्हणाले, "अन् म्या हातावर घेऊन हिंडलो, एकदा बी पाहिलं न्हाई."

मी झाकण लावून घड्याळ त्यांच्या डाव्या मनगटावर बांधलं. मग उजव्या हातानं त्यांनी तो लुळा हात उचलला, छातीशी धरला आणि एका बाजूला कलंडवला. मग दुसऱ्या. दात आवळलेले, कपाळावर घाम. आत चकती फिरल्याची बारीक घरघर मला ऐकू आली.

सून चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"आबा, च्या."

"थांब जरा," आबा म्हणाले. "चावी भरून राहिलो."