खाली ठेवलेली वाटी

आमच्या मांजराच्या डॉक्टरांनी परवा मला चांगलं लेक्चर दिलं. मांजर घरातच ठेवा, बाहेर सोडू नका, गाड्यांखाली येतात, भांडणात फाडून घेतात, रोग लागतात. घरातली मांजरं पुष्कळ जास्त जगतात म्हणे. मी मान डोलावली. ऐंशी ओलांडलेल्या बाईला सगळेच काही ना काही शिकवत असतात. पण अन्नपूर्णाजवळच्या त्यांच्या दवाखान्यापासून घरी येईपर्यंत रिक्षात माझी धुसफूस चालू होती. अहो डॉक्टरजी, मला काय सांगता? मी एकाच वेताच्या दोन बहिणी पाहिल्यात, एक आतली आणि एक बाहेरची. आणि बाहेरचीवर जे ओढवलं ते काही गाडीमुळे ओढवलं नाही.

ते मध्य भारत राज्याचे दिवस. आमच्या सरकारला तेव्हा दोन राजधान्या होत्या, थंडीत ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. वडील सचिवालयात कारकून. दफ्तर हललं की कागदांचे बस्ते हलायचे, बस्त्यांमागे कारकून आणि कारकुनांमागे बायका-मुलं, वळकट्या, पोळपाट-लाटणं. ग्वाल्हेरला आमचं स्वतःचं घर होतं. इंदूरला गिरणीमागच्या गल्लीत माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पण मला विचाराल तर मी इंदूरचीच. ग्वाल्हेरला मी नुसती थंडी काढायला जायची.

जिन्याखाली जळाऊ लाकडं रचलेली असत. पहिल्याच उन्हाळ्यात त्या ढिगात मला दोन पिल्लं सापडली. दोघी करड्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, ओळखू न येण्याइतक्या सारख्या. फक्त एकीचा डोळा चिकटला होता. बोरिकच्या पाण्याने पुसायला म्हणून आईने तिला वर आणलं. डोळा आठ दिवसांत बरा झाला, पण बाईसाहेब काही खाली गेल्या नाहीत. जी धडधाकट होती ती लाकडांतच राहिली. बस, एवढ्यावरून एक आतली झाली आणि दुसरी बाहेरची. वेगळी नावं कुणी ठेवलीच नाहीत.

आतलीचं काय वर्णन करावं! वडिलांनी घरी आणलेल्या बस्त्यांवर ती झोपायची, आणि वडील तिला न उठवता खालचा कागद हळूच ओढून काढायचे. तिच्यासाठी कोपऱ्यात राखेचं घमेलं होतं. खिडकीत चिमणी आली की ही पलंगाखाली. एकदा घरात उंदीर निघाला तर तिने त्याला वाट दिली, खरंच दिली, बाजूला सरकून. बाहेरचीचा एक कान फाटका होता, अंगावर पिसवा, आणि गल्लीतल्या कुत्र्याला तिने असा धाक घातला होता की तो जिन्यापासून लांबून जायचा. दुपारी पत्रे तापले की ती लाकडांमागच्या ओल्या जागेत पाय पसरून पडायची. समोर गिरणीच्या कापसाचं गोदाम होतं, तिकडून आली की पाठीवर कापसाचे पुंजके चिकटलेले असायचे. वडील म्हणत, आतली कायम नोकरीत आहे आणि बाहेरची रोजंदारीवर. मला दोघींपैकी कुठली जास्त आवडायची ते सांगायला नकोच. आतलीला मांडीवर घ्यायची मी, पण शाळेत बढाया मारायची त्या बाहेरचीच्या.

बाहेरचीचा एकच लाड होता. दूधवाले भिया (इंदुरात भैयाला भियाच म्हणतात) जवळच्या गावाहून सायकलवर कॅन लावून येत. माणूस मोठा भला. त्यांच्यामागून ती शेवटच्या पायरीपर्यंत चढायची. आमच्या दाराबाहेर तिची पोचे पडलेली जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, वाटी असे, तीत ते स्वतःहून एक धार ओतत. ती ते दूध प्यायची, उंबऱ्याकडे ढुंकूनही न बघता उतरून जायची. पहिल्या थंडीत मला टायफॉइड झाला, म्हणून वडील एकटेच ग्वाल्हेरला गेले आणि आई व मी इंदूरलाच राहिलो. त्यामुळे तेव्हा तिचं दूध चुकलं नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र आम्ही सगळेच निघालो, आणि नेमकी तेव्हाच बाहेरची व्याली. लाकडांमागे तीन पिल्लं, डोळे नुकते उघडलेली. मी हट्ट धरला की सगळ्यांना न्यायचं. वडिलांनी झाकणाची टोपली आणली. आतली आपण होऊन आत जाऊन बसली, तिला झाकण असलेलं काहीही आवडायचं. बाहेरचीने वडिलांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून काढला. बाहेर टांगा उभा. मी जिन्यात बसून भोकाड पसरलं. आम्ही गेल्यावर तळमजल्यावरचे घरमालक जिन्याच्या दाराला कुलूप घालणार, वर वाटी नाही, दूध नाही. त्यांना स्वतःला मांजरांचं वावडं. मग ही काय खाणार आणि पिल्लांना काय पाजणार?

आईने पदराने माझं नाक पुसलं. म्हणाली, "रडू नको. लेकुरवाळी आहे ती. तिला मी उपाशी ठेवीन का?"

घरमालकांकडे दूध घालायला भिया रोज येणारच होते. म्हणजे काम सोपं होतं. वाटी वर न ठेवता खाली, जिन्याच्या पायथ्याशी ठेवायची, की झालं. आता आईची हिंदी. आई साताऱ्याकडची. मराठीला 'है' लावलं की हिंदी होते अशी तिची पक्की समजूत. ये भाजी शिळी है, वो गवार निबर है. बाजारातली माणसं तिला हाताच्या खुणांवरून समजून घेत. तिने वाटी आणून भियांच्या हातात दिली आणि म्हणाली, "भैया, अब से इसकी कटोरी खाली रखना. रोज. भूलना नहीं."

भियांनी वाटीकडे पाहिलं, लाकडांकडे पाहिलं. जरा थांबून 'जी बई' म्हणाले. मी रडता रडता फिस्सकन हसले. आईने डोळे वटारले, आणि टांगा निघाला.

ग्वाल्हेरला आतलीचं काहीच अडलं नाही. गादी तीच, राख तीच, तिला गाव बदलल्याचा पत्ताही नसावा. मी मात्र रोज सकाळी दूध तापायला लागलं की मनात म्हणायची, आत्ता ती पीत असेल. पिल्लं आता चालत असतील, आता वाटीत तोंड घालत असतील. त्या विचाराने मला फार बरं वाटायचं.

ऊन तापायला लागलं, दफ्तर हललं. इंदूरला टांगा थांबायच्या आधीच मी उडी मारली. लाकडांमागे काही नव्हतं. वाटी जिन्याशेजारच्या कोनाड्यात होती, घासून लख्ख, पालथी. मला वाटलं, पिऊन झाल्यावर धुऊन ठेवली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिया आले. आईने हसत विचारलं, मांजर कुठाय? त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवलं आणि जरा अभिमानानेच म्हणाले, "आपने ही तो कियो थो, बई, खाली रखजो. म्हने एक दन बी नी भरी." म्हणजे, तुम्हीच तर सांगितलं होतं, मी एक दिवससुद्धा भरली नाही.

तुम्ही महाराष्ट्रातली माणसं कदाचित हसाल. आमच्या मराठीत खाली म्हणजे तळाला. त्यांच्या हिंदी-माळवीत खाली म्हणजे रिकामी. वाटी रिकामी ठेवा, रोज, विसरू नका, असं आई त्यांना बजावून गेली होती. त्यांना वाटलं, बाईंना मांजर इथून घालवायची असेल, मोठ्या माणसांना कशाला विचारा. पुढचं त्यांनी आईला समजेल अशा बेताने सांगितलं. बाहेरची रोज सकाळी येऊन त्यांच्या पायाशी बसायची. ते तोंड फिरवून दूध मापायचे. पिल्लं टाकून लांब शिकारीला जाता येईना, अंगावरचं दूध आटलं. दोन पिल्लं पहिल्या पंधरवड्यातच गेली. तिसरं तिने तोंडात धरून गोदामाकडे नेलं.

आई जिन्याच्या पायरीवर बसली. वडील वरून उतरले, सगळं ऐकलं आणि हळूच म्हणाले, अगं, 'नीचे' म्हणायचं होतं. भियांच्या तेव्हा लक्षात आलं. ते कोनाड्याकडे गेले. वाटी सुलटी केली, काठोकाठ भरली आणि जिन्याच्या पायथ्याशी ठेवली.

ती आठव्या दिवशी आली. वाळलेली, पाठीवर कापूस. आम्ही वर जाईपर्यंत वाटीला शिवली नाही. पुढे येत राहिली, पण जिना पुन्हा कधी चढली नाही. अजून दोन उन्हाळे दिसली, मग नाही दिसली. आतली पंधरा वर्षं जगली आणि वडिलांच्या गादीवर झोपेत गेली. तेव्हा डॉक्टर म्हणतात ते खरंच आहे, मी कुठे नाही म्हणते?

आईने त्या दिवसापासून 'खाली' हा शब्द टाकला. मराठीतसुद्धा. ताट नीचे ठेव, नीचे बस, पाय नीचे सोड. साताऱ्याचे नातेवाईक म्हणत, इंदुरात राहून हिची भाषा बाटली. आई पुन्हा 'नीचे'च म्हणायची. म्हातारपणी बाकी सगळं विसरली, पण हे नाही विसरली.

आणि मी? मी टांगा निघताना हसले होते ना, ते उगाच नाही हसले. मी हिंदी शाळेत शिकत होते. वाटी रिकामी ठेवायला सांगतेय आई, हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि त्याचीच मला गंमत वाटली. भिया रोज हिची हिंदी झेलतात, समजून घेतीलच, असं मी धरून चालले. ग्वाल्हेरच्या शाळेत सबंध थंडीभर मी आईची नक्कल करून मैत्रिणींना हसवलं: कटोरी खाली रखना, भूलना नहीं. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर चाललं असतं. आई गेली तोवर मी तिला हे सांगितलं नाही. ती जन्मभर 'नीचे, नीचे' म्हणत राहिली आणि मी ऐकत राहिले.