चौदा नंबरच्या कप्प्यावरचा कांदा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा देहूला इंद्रायणीच्या घाटावर पाय सोडून बसलो होतो, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं — तिथंही तोंडातून शब्द फुटला नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून कदाचित आज जमेल.

सुरुवात साधीच आहे, जवळजवळ हसण्यासारखी. मी चाकणच्या एका कंपनीत लाइन लीडर आहे. आमच्याकडे गाड्यांच्या आतलं वायरिंग तयार होतं आणि लाइनवर निम्म्याहून जास्त बायका. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटली आणि मी कंपनीच्या बसनं भोसरीला घरी निघालो होतो. मॅच चालू होती. फुकट मिळतं तिथं पैसे भरायचे नाहीत हा आपला बाणा, तेव्हा कुणीतरी ग्रुपवर टाकलेली लिंक दाबली. मॅच राहिली बाजूला, भलतंच पान उघडलं. तसल्या व्हिडिओंचं. शेजारी क्वालिटी खात्यातले काका पेंगत होते, माझी पाचावर धारण बसली. ते पान बंद करावं तर दुसरं, दुसरं बंद करावं तर तिसरं. शेवटी फोनच बंद केला. पण तेवढ्यात — एक चित्र दिसून गेलं होतं. वरून घेतलेलं, अंधुक. पाठमोरी बाई, तिच्यापलीकडे करडे लोखंडी कप्पे, आणि एका कप्प्यावर पिवळं लेबल. लेबलावर काहीतरी लाल.

ते लाल काय होतं, हे मला माहीत होतं. तो कांदा होता. मी काढलेला.

आमच्याकडे फाइव्ह एस म्हणून एक प्रकार असतो — प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नाव. ते काम माझ्याकडे. दर गुरुवारी सुट्टी असते, कंपनी रिकामी असते. तेव्हा गेटवर सही करून किल्ली घ्यायची आणि बायकांच्या चेंजिंग रूममधले कप्पेही तपासायचे, असा नियम होता. त्या कप्प्यांची लेबलं मी एकदा टेबलावर मार्करनं लिहीत बसलो होतो, तेव्हा मंगलताई आली. चाकणजवळच्याच गावची, घरी कांद्याची शेती, हाताला इतकी चलाख की नवीन पोरींना मी तिच्याच शेजारी उभं करायचो. लाइनवर मंगल नावाच्या दोघी होत्या. ती म्हणाली, "भाऊ, नुसतं नाव नगा लिवू. त्या दुसऱ्या मंगलचा डबा माझ्या कप्प्यात येतोय. कायतरी खूण करा — कांदा काढा." मी काढला. तिनं पाहिला आणि ओढणी तोंडाला लावून हसत सुटली. "ह्यो कांदा हाय का बल्ब?" दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पिशवीभर कांदे होते.

तर बसमधलं ते. घरी गेलो, चहा घेतला, आणि गच्चीवर जाऊन ते पान पुन्हा शोधून काढलं. खात्री करायला, असं मी स्वतःला सांगितलं. खात्री तर बसमध्येच झाली होती — मग शेवटपर्यंत का पाहिलं? पहिली वेळ चुकून होती, हे देवाशपथ खरं आहे. दुसरी नव्हती. शेवटी ती वळते आणि तिचा चेहरा दिसतो. वर कुणी काही लावून ठेवलंय हे तिच्या गावीही नाही, ती आपली घड्याळाकडे बघते आणि घाईनं केस बांधते.

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? पोलिसांना, एचआरच्या मॅडमना, निदान तिला. पण डोकं चाललं ते भलतीकडेच. त्या खोलीत जाणारा पुरुष कोण? मी. गुरुवारी, एकटा. रजिस्टरमध्ये सही कुणाची? माझी. आणि व्हिडिओ सापडला कुणाच्या फोनवर, तोही दोनदा उघडलेला? मी काही केलं नव्हतं हो. तरी केलेल्या माणसासारखा वागायला लागलो.

पुढच्या गुरुवारी किल्ली घेतली. छताजवळच्या झरोक्याच्या जाळीवर टेपचा चिकट डाग होता, बाकी काही नव्हतं. ज्यानं लावलं त्यानं काढूनही नेलं होतं. मी झरोक्यावर पत्रा ठोकला. इथपर्यंत ठीक. मग ब्लेड घेतलं आणि सगळ्या कप्प्यांवरची हातानं लिहिलेली लेबलं खरवडून काढली, एकसारखी छापील लावली. मंगलताईचं, चौदा नंबरचं, अख्खं निघालं. टाकणार कुठं? आमच्याकडे कचऱ्याचे डबेसुद्धा रोज तपासतात. म्हणून पाकिटात ठेवलं.

याला कंपनीत कायझेन म्हणतात, म्हणजे कामातली छोटी सुधारणा. फॉर्म भरला — धूळ कमी झाली, लेबलं एकसारखी झाली. त्या महिन्याचं पहिलं बक्षीस मला मिळालं. बोर्डावर फोटो लागला, एक कॅसरोल मिळाला. बायको अजून त्यात भाकरी ठेवते.

पंधरा दिवसांत तो व्हिडिओ कंपनीतल्या पुरुषांच्या फोनवर पोचला. कॅन्टीनमध्ये कुजबुज, खिदळणं. मग कुणीतरी पिल्लू सोडलं, की पैशासाठी तिनंच काढून घेतलाय. ते तिच्या सासरी पोचायला किती वेळ लागणार? नवऱ्यानं तिला माहेरी नेऊन घातलं. माझ्याच टेबलावर एक जण म्हणाला, "दिसायला गरीब गाय, पण बघा राव!" मी भातावर आमटी घेतली आणि जेवलो.

मग ती आली. भावाला घेऊन, थेट एचआरच्या केबिनमध्ये. मला बोलावणं आलं. ती टेबलाच्या पलीकडे, मी अलीकडे. तिनं एका कागदावर त्या व्हिडिओतला तेवढाच कोपरा छापून आणला होता, कप्पा आणि लेबल. स्वतःला कापून टाकलं होतं त्यातून. बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, ह्यो तुमच्या कंपनीतला माझा कप्पा हाय. ह्यो कांदा बघा. भाऊंनीच काढलाय, इचारा त्यांना."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तिला दुसरं काही नको होतं. हे कंपनीच्या खोलीत, तिच्या नकळत काढलं गेलं, एवढं सिद्ध झालं असतं तर ती मान वर करून घरी गेली असती. बाकी पुरावा कुठला? करडे कप्पे चाकणच्या दर कंपनीत आहेत. बाकीच्या बायकांना विचारलं, पण त्या कंत्राटावरच्या, त्यांनी माना खाली घातल्या. राहिलो मी — पर्मनंट, बक्षीस मिळालेला.

मी म्हणालो, "मॅडम, आपली सगळी लेबलं छापील आहेत. जाऊन बघा."

आधीची कशी होती, हे मॅडमनी विचारलंच नाही. माझ्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, या समाधानावर मी कितीतरी दिवस काढले. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — मला वाटतं, तिला खरंच वाटलं की मी विसरलोय. आठवण करून दिल्यासारखं हळूच म्हणाली, "भाऊ, मी बल्ब म्हणले व्हते बघा. तुमी बी हसला व्हता. आठवत न्हाई व्हय?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं कागदाची घडी घातली. भाऊ काहीतरी बोलायला लागला, त्याला दंडाला धरून उठवलं. त्यानंतर ती कंपनीत आली नाही. हिशेब न्यायलाही भाऊच आला. ज्यानं जाळीवर ते लावलं तो कोण, हे मला आजही माहीत नाही. कदाचित माझ्याच बसनं येत असेल.

भीती होती, हे खरं. लहान मुलगी होती, घराचे हप्ते होते, हेही खरं. पण तिलाही मुलगी होती. आणि ती विचारत होती तेव्हा ते लेबल तिच्यापासून दोन हातांवर होतं, माझ्या मागच्या खिशात. मी त्यावरच बसलो होतो. पाकीट काढून टेबलावर ठेवायला किती वेळ लागला असता?

ते अजून पाकिटातच आहे. कडा मळल्यात, चौदाचा आकडा पुसट झालाय. कांदा मात्र कुणालाही ओळखू येईल.