खळ्यावरची जीप

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आमच्या कल्याणच्या ऑफिसातल्या लोकांना जीपमधून डोंगर बघायची हुक्की आली. कोणीतरी गाईड शोधला, दोन उघड्या जीपा ठरल्या आणि रस्ता कळला तेव्हा मला हसूच आलं. किन्हवलीच्या पुढे डोळखांबच्या अंगाने, थेट माझ्या माहेरच्या पाड्यावरून. ज्या वाटेने शाळेला जाताना माझ्या पायांची सालटी निघाली, तिथे हे लोक हौसेने हाडं खिळखिळी करून घ्यायला निघाले होते. मी गाईडला सांगितलं की हे माझं गाव आहे. मग तर तुम्ही खूप एन्जॉय कराल, असं म्हणून तो पुढच्या सीटवर चढला.

डोळ्यांवर गॉगल, तोंडात गुटखा. वळण आलं की हा थुंकायचा आणि मागे बसलेल्या मला शिंतोडे चुकवावे लागायचे. मधल्या वेळात निसर्गावर भाषण. इथे अजून माणसाचा पाय लागलेला नाही, असं तो छातीठोकपणे सांगत होता, तेव्हा डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई आम्हाला वाट देण्यासाठी झुडपात शिरून उभी होती. आमच्या हेडक्लार्कने तिचा फोटो काढला. ओढा आला की जीप मुद्दाम जोरात घालायची, सगळ्यांनी किंचाळायचं, वेफर्सची रिकामी पाकिटं मागे उडत जायची. शिकलीसवरलेली माणसं, पण पाकीट टाकताना एकाचाही हात अडखळला नाही.

पाड्याच्या तोंडाशीच आमचं खळं आहे. भात झोडायची ही जागा आई दरवर्षी चोपून, शेणाने सारवून, हाताने गुळगुळीत करते. तिथे कोणी चप्पल घालून पाय ठेवत नाही, पाहुणासुद्धा कडेला चपला काढतो. वर्षभर जे खायचं ते त्या जमिनीवर पडणार असतं. दुसऱ्याच दिवशी आमची झोडणी होती. भारे बाजूला रचलेले होते, मदतीच्या माणसांना सांगून झालं होतं.

गाईडला जेवणासाठी सपाट जागा हवी होती. पुढे शाळेचं पटांगण आहे, तिथे चला, असं मी म्हणेपर्यंत माझा धाकटा भाऊ घरातून धावत आला. बारावी होऊन बसलेला, नोकरीसाठी शहापूरला खेटे घालून कंटाळलेला. त्याने जीपा बघितल्या, गाईडचा गॉगल बघितला, आणि दोन्ही हातांनी खुणा करत, साहेब साहेब करत पुढची जीप स्वतः खळ्यावर घेतली.

मी उडी मारून उतरले आणि त्याच्यावर ओरडले. जीप आत्ताच्या आत्ता खाली घ्यायला लाव म्हटलं.

"ताय, तू मधी पडू नको गो," तो दबक्या आवाजात म्हणाला. "यांना वाट दाखवायला मानूस पायजे. माजं काम होईल."

गाईडने बुटांसकट खळ्यावर चालत जाऊन मधोमध सतरंजी टाकायला लावली. सगळे तिथे कोंबडी खात बसले, हाडं तिथेच थुंकली. आई दारात उभी होती. एकदा लेकाकडे बघायची, एकदा जीपकडे. भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन वाकून वाकून फिरत होता. त्या लोकांची किळस मला सकाळपासून येत होती, आता भावाचीही आली. सख्खा भाऊ म्हणून ती काही कमी झाली नाही.

जीप हलली तेव्हा खाली काळं थारोळं होतं. कुठून तरी ऑइल आणि डिझेल गळत होतं आणि एवढ्या वेळात ते सारवणात पार मुरलं होतं. गाईडने भावाच्या पाठीवर थाप मारली, निरोप पाठवतो म्हणाला. मी काही पुन्हा त्या जीपमध्ये बसले नाही. आईने आणि मी ती माती खरवडून काढली, नवी घातली, अंधार पडेपर्यंत सारवलं. सुकल्यावर जाईल वास, असं आई म्हणत राहिली. झोडणी पुढे ढकलायची सोय नव्हती, माणसं परवापासून दुसऱ्यांच्या खळ्यावर जायची होती. सगळं धान्य तिथेच पडलं आणि एकत्र कणगीत गेलं.

संक्रांतीला मी घरी गेले. जेवायला बसलो तर माझ्या ताटात वाण्याकडच्या तांदळाचा पांढरा भात, आणि आईच्या नि भावाच्या ताटात घरचा. मी कारण विचारलं.

"तुला नाय जायाचा गो तो," आई म्हणाली.

मी भावाच्या ताटातला घास उचलून तोंडात घातला. जिभेवर डिझेल आलं. तसाच तोंडात धरून मी मागच्या दारी गेले, थुंकले, चुळा भरल्या, तरी जाईना. पुढच्या झोडणीपर्यंत ही दोघं हेच खाणार होती.

परत आले तर भाऊ खाली मान घालून जेवत होता. त्याने आणखी भात वाढून घेतला, त्यावर आमटी ओतली, कालवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"ताय, तो गाईड माज्याबद्दल काय बोलला का?"