चांद दिसला का, अब्बांना विचारा

घड्याळाच्या नादी लागलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते वेळेवर येतात. नाहीतर अवेळी येतात. आमचं सोलापुरातलं ऑफिस म्हणजे मी, व्यंकटेश आणि इम्रान. पेशंटला गोळीची आठवण करून देणारं ॲप बनवतोय. डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, "एक जरी अलार्म चुकला, तर माझ्या पेशंटना हे ॲप देणार नाही." पहिले पेशंट इम्रानचे अब्बा, शुगरवाले.

*

कोड बरोबर चालतोय का, हे तपासायला आम्ही छोट्या टेस्ट लिहितो. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. व्यंकटेशची एक टेस्ट सकाळी हिरवी असायची आणि दुपारी लाल.

"ताई, जेवून आलं की फेल होतीय."

होणारच की. 'पुढची गोळी दुपारची' असं टेस्टमध्ये लिहिलेलं, आणि कोड विचारतोय लॅपटॉपच्या खऱ्या घड्याळाला. मी त्याला हे नीट समजावलं. त्यानं मान डोलावली.

"मग जेवायच्या आधीच चालवू की."

*

आमच्या लॅपटॉपवर सगळं हिरवं. सर्व्हरवर चढवलं, तर अब्बांची सकाळची गोळी भर दुपारी वाजली. सर्व्हर चालतो लंडनकडच्या वेळेवर, ते आम्ही विसरलो होतो. नशीब, अब्बांनी गोळी सवयीनं सकाळीच घेतलेली.

अब्बांनी फोनवर इम्रानला एवढंच विचारलं, "तेरा सर्व्हर रोज इत्ता लेट उठता क्या रे?"

*

मग मी नियमच केला. कोडनं स्वतः घड्याळाकडं बघायचं नाही. घड्याळ आपण त्याच्या हातात द्यायचं, टेस्टमध्ये खोटं, फोनमध्ये खरं. सांगते ना, ह्या एका नियमानं आमचं निम्मं दुखणं पळालं.

व्यंकटेशनं खोटं घड्याळ बनवलं. बघते तर प्रत्येक टेस्टमध्ये शुक्रवार संध्याकाळ. म्हटलं, हे काय?

"टेस्टला तरी वाटू दे की ताई, उद्या सुट्टी हाय."

*

रमजानात गोळ्या पहाटेच्या सहरीला आणि संध्याकाळच्या इफ्तारला सरकतात, ईदला पुन्हा नेहमीच्या वेळेवर येतात. इम्राननं तारखांच्या लायब्ररीतनं, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेल्या तयार कोडमधनं, ईद काढली, टेस्ट हिरवी केली आणि ऐटीत अब्बांना दाखवली.

अब्बा म्हणाले, "चांद कू तेरा कोड दिखाया क्या?"

बरोबरच होतं त्यांचं. ईद लायब्ररी ठरवत नाही, चांद ठरवतो. मग ॲपमध्ये दोन बटणं आली, 'चांद दिसला' आणि 'नाही दिसला'. त्यातलं एक दाबायचं अब्बांनी. ट्रायलचे सगळे पेशंट त्यांच्याच मोहल्ल्यातले, आणि चांदाची बातमी तिथं सगळ्यात आधी त्यांनाच लागते.

*

चांद दिसण्याची शक्यता होती त्या संध्याकाळी मॅडमनी आम्हाला क्लिनिकमध्ये बोलावलं. आज ॲप पास, नाहीतर कायमचं नापास. मी मात्र निवांत होते.

टेस्टमध्ये खरे अब्बा बसवता येत नाहीत, म्हणून इम्राननं खोटे अब्बा लिहिले होते. एक 'हो' म्हणणारे, एक 'नाही' म्हणणारे. दोन्ही टेस्ट हिरव्यागार.

मॅडमनी विचारलं, "आणि अब्बा काहीच बोलले नाहीत तर?"

इम्रान हसला. "आमचे अब्बा आणि गप्प? मॅडम, तसली टेस्ट लिहून काय करायचंय?"

मीही हसले. खरं सांगते, मलाही पटलं होतं.

इफ्तार झाली. आम्ही स्क्रीनकडं बघत बसलो. एकही बटण दबलं नाही, आणि उद्याच्या गोळ्यांच्या जागी नुसतं चक्र फिरत राहिलं. बाहेर फटाके वाजायला लागले. व्यंकटेश माझ्याकडं बघायला लागला, मी इम्रानकडं. त्यानं घरी फोन लावला, स्पीकरवर. अम्मीनं उचलला.

"अम्मी, चांद दिखा क्या?"

"चांद तो कब का दिख गया रे. तेरे अब्बाच सो गये."

मॅडमनी लॅपटॉप इम्रानकडं सरकवला. "लिहा आता तिसरे अब्बा, झोपलेले."