कपाटात ठेवलेली हार्ड डिस्क

मुलगा नोकरीला पुण्याला गेला त्याच वर्षी माझा पाय मोडला. प्लॅस्टर घालून पडल्या पडल्या त्याच्या जुन्या लॅपटॉपवर मी ट्रक चालवायला शिकले. मालाने भरलेला ट्रक बर्फाच्या घाटातून न्यायचा, एवढाच तो खेळ. पाय बरा झाला, मी परत भुसावळच्या कचेरीत रुजू झाले, पण ट्रक काही सुटला नाही. लॅपटॉप मात्र थकला. चढावर चित्र अडकायचं आणि ट्रक दरीत जायचा.

मग खास खेळासाठीच कॉम्प्युटर जुळवायचा असं ठरलं. मुलगा फोनवर एकेक भाग सांगायचा, मी जळगावहून आणायचे आणि दीपनगरला, नवऱ्याला वीजकेंद्रात मिळालेल्या क्वार्टरमध्ये, त्याच्या रिकाम्या खोलीत, व्हिडिओ बघून जोडायचे. सगळं जमलं. गाडी अडली ती डिस्कपाशी.

दुकानदार म्हणाला, "ताई, छोटी एसएसडी घ्या, ही नवी वेगवान डिस्क असते, तिच्यावर विंडोज टाका. घरची जुनी हार्ड डिस्क असेल ना? गेम तिच्यावर ठेवा."

मुलगा म्हणाला, "त्याचं ऐकू नकोस मम्मी. त्या जुन्या डिस्कवर गेम टाकलास तर समोरचा रस्ता दिसेपर्यंत तुझा चहा करून होईल. मोठी एसएसडी घे. जुनी डिस्क नुसती फोटोंसाठी राहू दे."

मुलाच्या म्हणण्याप्रमाणे मोठी एसएसडी घेतली आणि दोन्ही लावून पाहिल्या. जुनी डिस्क घरघरायची आणि तिच्यामुळे कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागायचा. संध्याकाळी स्वयंपाकाआधी मला जेमतेम तासभर मिळतो, त्यातला वेळ असा जायला लागला. मी वैतागून तिची वायर काढली, तिला सुती कापडात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं. आमच्या घरातले सगळे फोटो, व्हिडिओ तिच्यात होते. आई गेल्यावर तिचे तर तेवढेच उरलेले. लागतील तेव्हा लावू, असं मी मनाशी म्हटलं. ट्रक आता बटण दाबताच निघायला लागला, आणि मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली.

त्याच दिवसांत अक्काचा फोन आला. अक्का माझी मोठी बहीण. यावलला असते, केळीच्या बागांत मजुरीला जाते. तिची शाळा लवकर सुटली, माझी चालू राहिली. आमच्या दोघींच्या आयुष्यातला सगळा फरक तिथून पडला.

"कॉम्प्युटर घेतला म्हने तू?"

"हो. ऑफिसचं काम घरी आणावं लागतं आता," मी म्हणाले. हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते आपसूक आलं.

पुढच्या महिन्यात तिच्या दाढांनी घात केला. भुसावळच्या डॉक्टरांकडे बऱ्याच खेपा होत्या, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. मी संध्याकाळी खोलीत गेले की ती टीव्हीचा आवाज बंद करायची. शेजारीण आली तर दारातच सांगायची, "ती कामात हाय." चहा आणून टेबलाच्या कडेला ठेवायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. पावलांची चाहूल लागली की मी घाईघाईने आकड्यांचा तक्ता उघडायचे. तो चहा मला गिळवत नसे, पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच करायचे.

एका रविवारी ती खोलीच्या दारात उभी राहिली. एक गाल सुजलेला.

"माझ्या मोबाईलात आईचा एकबी फोटो नही. तुझ्या याच्यात आसतीन ना?"

"यात नाहीत."

"एवढा मोठा हाय, आन् आईचा फोटो नही?"

मी कपाटातून डिस्क काढली. कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण उघडलं. अक्काने मोबाईलचा टॉर्च धरला, मी वायरी लावल्या. डिस्क कटकट वाजली आणि गप्प झाली. स्क्रीनवर तिचा पत्ता नव्हता. वायर बदलली, पुन्हा सुरू केलं. या वेळी दिसली.

बुद्धपौर्णिमेचा व्हिडिओ निघाला. पांढऱ्या साडीत आई खीर वाटत होती आणि शूटिंग करणाऱ्या माझ्या मुलाला रागावत होती, "आधी खाय, मंग काढ फोटो."

अक्का स्क्रीनजवळ वाकली. मग म्हणाली, "दात सगळे होते तिचे."

आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात माझा नवरा पाळीवरून आला. बूट काढता काढता त्याने आत डोकावलं आणि सहज विचारलं, "आज ट्रक नाही का?"

"कोनता ट्रक?" अक्काने विचारलं.

"रोज चालवते तो," असं म्हणून तो हातपाय धुवायला गेला.

मग दाखवण्यावाचून इलाज नव्हता. मी खेळ सुरू केला. बर्फ, घाट, ट्रक. अक्काने नीट पाहिलं.

"हे ऑफिसचं काम?"

"नाही अक्का. खेळ आहे."

"मंग मी इतके दिवस पाय वाजू दिला नही, ते?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. जेवताना तिच्या ताटलीत मऊ खिचडी वाढत मी म्हणाले, "तुला काय वाटेल, म्हणून नाही सांगितलं."

"काय वाटलं असतं मले?"

"तू उन्हात राबतेस, आणि मी इथे..."

"मी उनात जाते म्हनून तू खेयू नको, असं मी कधी म्हटलं? तूच म्हटलं ते. माझ्या नावावर."

ती ओरडली नाही. खिचडी संपवली, ताटली स्वतः धुतली. मी तिला ट्रक चालवून बघायला बोलावलं, तर दाढ ठणकतेय म्हणाली. दाढ खरंच ठणकत होती.

दाढांचं काम संपल्यावर मी आईचे सगळे व्हिडिओ तिच्या मोबाईलमध्ये घालून दिले आणि तिला यावलच्या बसमध्ये बसवलं. हार्ड डिस्क आता कॉम्प्युटरमध्येच आहे. घरघरते. मुलगा म्हणतो, नवी घे, या डिस्कचा भरवसा नाही, आईच्या व्हिडिओंची आणखी एक प्रत ठेव. ते मी करणार आहे.

अक्काचे फोन पहिल्यासारखेच येतात, फक्त "काम चालू हाय का" असं ती आता विचारत नाही. परवा मीच आपणहून सांगितलं की मी खेळत होते.

"खेय," ती म्हणाली, आणि केळीचे घड भरायला गाडी आलीय म्हणून तिने फोन ठेवला. ते तिने मनापासून म्हटलं की नुसतं म्हणायचं म्हणून, हे मला तिच्या आवाजावरून ओळखता आलं नाही.